पटावरचा वजीर आणि चिनहटचे रण : 'शतरंज के खिलाड़ी'ची कथा व चित्रपट

एखादी साहित्यकृती चित्रपटाच्या माध्यमात गेली म्हणजे तिच्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : रूपांतरकार मुळाशी प्रामाणिक राहिला की नाही? हा प्रश्न निरर्थक नव्हे. पण तो अपुरा आहे. कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, कोणता नव्याने घातला, याची नुसती यादी हाती आली तरी तिच्यातून अर्थ निघत नाही. हे बदल एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधलेले आहेत आणि त्यांच्या योगाने मूळ कथेतील दोषाचा निवाडा कसा पालटतो, हे पाहावे लागते. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९७७ साली केलेला त्याच नावाचा चित्रपट ही जोडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. या चित्रपटाच्या आरंभी हलत्या व्यंगचित्रांचा, म्हणजे ॲनिमेशनचा, एक छोटा खंड येतो. तो गमतीखातर घातलेला आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कथेच्या शेवटी जो मोठा बदल झाला आहे, त्याची कारणमीमांसा याच खंडात दडलेली आहे.

१

कथा १९२४ साली 'माधुरी' या हिंदी मासिकात प्रसिद्ध झाली. तिचे उर्दू रूप 'शतरंज की बाज़ी' या नावाने ओळखले जाते. म्हणजे मूळ म्हणून जी कृती समोर ठेवावयाची, तीच दोन भाषांत वावरणारी आहे. कथेचा काळ वाजिद अली शाहचा, स्थळ लखनौ. आरंभीच निवेदक नगराचे एक विस्तृत चित्र उभे करतो. राजापासून रंकापर्यंत सारेच विलासात बुडालेले. बटेर, तीतर, पतंग, अफू, गंजिफा यांपलीकडे कोणाला काही दिसत नाही. या वर्णनात उपरोध आहे, पण तो वरवरचा नाही. समाजाच्या मुळाशी लागलेली कीड निवेदक बोट ठेवून दाखवीत आहे.

या पार्श्वभूमीवर मिर्झा सज्जाद अली आणि मीर रौशन अली हे दोन जहागीरदार येतात. दोघांना बुद्धिबळाचे व्यसन. मिर्झाच्या बेगमेचे डोके दुखते, ती वारंवार निरोप धाडते, मिर्झा डाव सोडून उठत नाही. अखेर ती दिवाणखान्यात जाऊन सोंगट्या फेकून देते. मग बैठक मीरच्या घरी हलते. मीरच्या बेगमेला नवरा घराबाहेर असलेलाच सोयीचा; तेव्हा एके दिवशी बादशाही फौजेचा म्हणविणारा एक स्वार मीरची चौकशी करीत दारात येतो. घाबरलेले दोघे मित्र पहाटेच घर सोडून गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत पट मांडू लागतात. तेथूनच त्यांना कंपनीची फौज लखनौकडे जाताना दिसते आणि पुढे बंदी झालेल्या बादशहाला घेऊन परतताना दिसते. घटकाभर खेद व्यक्त होतो, खेळ चालू राहतो. संध्याकाळी एका खेळीवरून वाद पेटतो, एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार होतो, तलवारी उपसल्या जातात आणि दोघेही तेथेच मरून पडतात.

कथेचा मर्म या मृत्यूत आहे. हे दोघे भित्रे नव्हते, असे निवेदक स्पष्ट सांगतो. वैयक्तिक शौर्य त्यांच्या ठायी होते. नाहीशी झाली होती ती राजकीय भावना. बादशहासाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही, त्यांनी पटावरच्या लाकडी वजिरासाठी प्राण दिले. १९२४ सालच्या वाचकाला हा आरसा कोणासमोर धरला आहे हे कळणे कठीण नव्हते. प्रेमचंदांनी १९२१ साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन सरकारी नोकरी सोडली होती आणि १९२२ च्या फेब्रुवारीत ती चळवळ थांबविण्यात आली होती. अशा ओसरत्या काळात लेखक परक्यांच्या अन्यायाची यादी देत नाही. तो आपल्याच घरातील पोकळी दाखवितो. इंग्रज या कथेत जवळजवळ नाहीतच. दुरून जाणारी एक फौज, एवढेच त्यांचे अस्तित्व. एकाही इंग्रजाला चेहरा नाही.

२

चित्रपटाचा आरंभ कथेप्रमाणेच पटापासून होतो. दोन हात सोंगट्या हलवितात आणि अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील निवेदन या 'सेनापतीं'ची मिस्किल ओळख करून देते. येथवर प्रेमचंदांचा सूर कायम आहे. परंतु लगेच निवेदन अवध आणि कंपनी यांच्या संबंधांकडे वळते, आणि येथे राय छायाचित्रण बाजूला ठेवून रेखाचित्रांचा आश्रय घेतात.

हा आश्रय का घ्यावा लागला? सुमारे शतकभराचा व्यवहार काही मिनिटांत सांगावयाचा होता. १८०१ च्या तहाने नवाब सआदत अली खानाकडून राज्याचा जवळजवळ निम्मा मुलूख कंपनीने घेतला. १८१९ मध्ये गाजीउद्दीन हैदर याला कंपनीच्याच प्रोत्साहनाने 'बादशहा' ही पदवी धारण करता आली. दरम्यान कंपनीच्या लढायांसाठी अवधच्या खजिन्यातून कर्जे उचलली गेली. मुलूख आणि पैसा गेला, मुकुट तेवढा मिळाला. हा विपरीत सौदा अभिनयाने दाखवावयाचा म्हटला तर चार पिढ्यांची पात्रे उभी करावी लागली असती. व्यंगचित्राला ती अडचण नाही. त्यात राज्य ही वस्तू होते, मुकुट खेळणे होते आणि धोरण हे तोंडाच्या हालचालीने कळते. राय स्वतः चित्रकार होते. जाहिरातसंस्थेत आणि पुस्तकांच्या सजावटीत त्यांचा हात तयार झाला होता आणि 'संदेश' या मुलांच्या मासिकाची परंपरा त्यांच्या घरातलीच होती. बालसाहित्यातील हा हसरा कुंचला त्यांनी येथे इतिहासाच्या सेवेला लावला.

या खंडाचे केंद्र एका खऱ्या उद्गारात आहे. गव्हर्नर जनरल डलहौसी याने १८५१ मध्ये एका खासगी पत्रात अवधची तुलना एका चेरीशी केली होती. हे फळ एक दिवस आपोआप आपल्या तोंडात पडेल अशा अर्थाचे ते विधान आहे. रायांनी उपमा शब्दशः घेतली. खालसा झालेली राज्ये म्हणजे चेरी, आणि त्या एकामागून एक गट्ट होत जातात. मराठी वाचकाला येथे थांबावेसे वाटेल, कारण डलहौसीच्या कारकिर्दीत गिळल्या गेलेल्या या राज्यांत त्याच्या ओळखीची राज्ये बरीच आहेत. सातारा १८४८ मध्ये, नागपूर आणि झाशी १८५४ मध्ये कंपनीच्या मुलखात सामील झाली. अवधची पाळी १८५६ मध्ये आली. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सातारा, नागपूर, झाशी येथे औरस वारस नाही ही सबब होती. अवधच्या गादीवर बादशहा जिवंत होता, म्हणून तेथे 'गैरकारभार' ही सबब पुढे करावी लागली. सबबी भिन्न, भूक एक. व्यंगचित्र नेमके हेच सांगते, कारण सबबी त्याला काढता येत नाहीत, भूक काढता येते.

परिणाम असा की, कथेत जो दोष आरंभीच्या परिच्छेदात नगराच्या माथी बसला होता, तो चित्रपटात आरंभीच बाहेरच्या भक्षकाकडे सरकतो. लखनौचे विलास येथेही दिसतात. पण लखनौ कर्तव्यदक्ष असते तर चेरी वाचली असती का, ही शंका प्रेक्षकाच्या मनात पेरली गेलेली असते. मूळ कथेत ही शंका नाही, आणि ती असती तर कथेचा शेवट ढिला पडला असता.

३

दोष सरकल्यावर उरलेली रचनाही हलू लागते. कथेत बादशहा हे केवळ नाव आहे. चित्रपटात अमजद खान यांच्या रूपाने तो एक पूर्ण व्यक्ती होतो. तो कवी आहे, संगीतकार आहे, धर्मनिष्ठ आहे आणि राज्यकर्ता म्हणून आपण उणे पडलो हे जाणणारा आहे. त्याच्यासमोर रिचर्ड ॲटनबरो यांचा जनरल औट्रम उभा केला आहे. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाला जो ठाऊक आहे, तोच हा जेम्स औट्रम. चित्रपटातील औट्रम हुकूम पार पाडतो, पण त्याचे मन त्याला खाते; करार मोडणे न्याय्य नाही हे त्याला कळते. कॅप्टन वेस्टन या उर्दू जाणणाऱ्या अधिकाऱ्याशी त्याचे जे संभाषण होते, त्यात बादशहाच्या दिनक्रमाची चौकशी करताकरता प्रश्न विचारणाराच हास्यास्पद होत जातो.

या चित्रणावर त्या काळी वाद झाला. मुंबईहून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'मध्ये १९७८ साली राजबंस खन्ना यांनी रायांनी वाजिद अलीला दुबळा व बायकी दाखविल्याचा आक्षेप घेतला आणि रायांनी त्याच साप्ताहिकातून तो आक्षेप नाकारणारे सविस्तर उत्तर दिले. अभ्यासकाच्या दृष्टीने या वादातील लक्षणीय गोष्ट ही की, तो मूळ कथेविषयी उद्भवूच शकला नसता. ज्या पात्राला कथेत चेहरा नव्हता, त्याला चेहरा दिल्याबरोबर चित्रपट इतिहासाच्या न्यायासनासमोर उभा राहिला. कथेला दृष्टांताची मुभा होती. चित्रपटाने तिथी, तह, पत्रे आणि खरी नावे आणली, आणि ती मुभा गमावली.

तिथींचीही गोष्ट तशीच. कथेत फौज येते, बादशहाला पकडते आणि त्याच दिवशी घेऊन जाते. एका दिवसाच्या चौकटीत राज्य आणि डाव दोन्ही संपतात. वास्तवात १८५६ च्या फेब्रुवारीच्या आरंभी वाजिद अलीने नव्या तहावर सही करण्याचे नाकारले, आपली पगडी औट्रमच्या हाती दिली, ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले आणि मार्चमध्ये बादशहाने लखनौ सोडले. पुढे तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहिला आणि १८८७ मध्ये वारला. प्रेमचंदांनी काळ आवळला तो उपरोधासाठी. रायांनी तो पुन्हा सैल केला, कारण त्यांना सही न करण्याच्या त्या निःशस्त्र नकाराला जागा हवी होती.

घरातले प्रसंगही बदलतात, पण त्यांचा विचार थोडक्यात पुरे. कथेतील दोन्ही बेगमा निनावी आहेत. चित्रपटात त्यांना खुर्शीद आणि नफीसा ही नावे मिळतात. सोंगट्या चोरल्या जातात. आणि मग हे दोघे भाज्याफळांच्या सोंगट्या करून खेळतात. प्रसंग हसविणारा आहे, पण त्याच्या योगाने स्त्रियांच्या एकटेपणाला जे वजन येते, ते कथेत नव्हते.

४

आता शेवट. चित्रपटात पडकी मशीद सापडतच नाही. दोघे लखनौबाहेरच्या एका खेड्यात झाडाखाली पट मांडतात. कल्लू नावाचा खेडवळ मुलगा त्यांच्या दिमतीला आहे. भांडण होते, पण वाडवडिलांवरून सुरू होऊन ते मीरच्या बायकोवर येते. मीर तलवार नव्हे, पिस्तूल रोखतो. तेवढ्यात गोरी फौज आल्याची कल्लूची आरोळी ऐकू येते, गोळी सुटते आणि मिर्झाला निसटती चाटून जाते. कोणी मरत नाही. थोड्या वेळाने मीर परत येतो. मग आपण खेळायचे तरी कोणाशी, हाच प्रश्न उरतो. ज्यांना आपली घरे सांभाळता आली नाहीत ते कंपनीच्या फौजेशी काय लढणार, ही कबुली देऊन दोघे पुन्हा पट मांडतात. मात्र या वेळी इंग्रजी पद्धतीने. आधी एका प्रसंगात मुन्शी नंदलालने ती पद्धत समजावून दिलेलीच असते : प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे चालते आणि वजिराच्या जागी राणी असते. वजीर जातो, राणी व्हिक्टोरिया येते.

मराठी वाचकाला या शेवटाचा एक वेगळा पदर जाणवतो. आज महाराष्ट्रात बुद्धिबळ आंतरराष्ट्रीय नियमांनीच खेळले जाते, पण सोंगटीचे नाव अजून 'वजीर' हेच आहे. नियम गेले आणि नाव राहिले. रायांच्या मीर-मिर्झांनी जो बदल मुकाट्याने स्वीकारला, तो भाषेने मात्र अर्धाच स्वीकारला.

या शेवटाला अनेकांनी मूळ कथेची धार बोथट करणारा म्हटले आहे. परंतु तो आरंभीच्या चेरीशी जोडून पाहिला पाहिजे. प्रेमचंदांच्या कथेत मृत्यू ही शिक्षा आहे. पोकळ समाजाने स्वतःच स्वतःला दिलेली. दोष आतला, म्हणून शिक्षाही आतल्या तलवारीने. रायांनी भक्षक बाहेर दाखविला, तेव्हा या दोघांना मारण्याचे नैतिक प्रयोजनच उरले नाही. गिळले गेलेले लोक मरत नाहीत, ते नव्या नियमांनी जगत राहतात. आणि ही गोष्ट मरणापेक्षा कमी भयंकर आहे असे म्हणता येत नाही. व्यंगचित्रांचा आरंभ आणि रक्तहीन शेवट हे दोन बदल नसून एकाच बदलाची दोन टोके आहेत. त्यांपैकी एक स्वीकारून दुसऱ्याला नावे ठेवता येणार नाहीत.

शस्त्राचे तेज उतरविण्याची ही रीत अन्यत्रही आढळते. अकुतागावाच्या १९२२ च्या कथेवरून कुरोसावाने १९५० मध्ये केलेल्या 'राशोमोन'मध्ये मूळ कथेत नसलेली लाकूडतोड्याची एक सविस्तर हकिकत शेवटी येते, आणि तिच्यात सामुराई व डाकू यांचे द्वंद्व थरथरत्या हातांचे, धापा टाकीत केलेले, केविलवाणे होते. तेथेही चित्रपटाने तलवारीभोवतीची आभा काढून घेतली आणि तेथेही नव्या शेवटाला एक मूल आणले. फरक इतका की, कुरोसावाच्या चित्रपटातील तान्हे मूल आशेचे चिन्ह होते, तर कल्लू नुसता पाहतो आणि पळतो.

५

येथे चिनहटचा विचार अपरिहार्य होतो. लखनौच्या पूर्वेस फैजाबादच्या रस्त्यावरील हे गाव आता वाढत्या शहराने आपल्यात सामावून घेतले आहे. कथेत त्याचे नाव नाही, चित्रपटात त्याची लढाई नाही. दोन्ही १८५६ मध्येच संपतात. पण ज्या वाचकाला १८५७ ठाऊक आहे, त्याच्या मनात दोन्ही शेवटांपुढे हे गाव उभे राहतेच.

राज्य खालसा झाल्याला दीड वर्षही झाले नव्हते. बंडवाल्या पलटणी नवाबगंज-बाराबंकीकडून लखनौवर चालून येत आहेत असे कळताच सर हेन्री लॉरेन्स ३० जून १८५७ रोजी सुमारे सहाशे सैनिक घेऊन त्यांना अडविण्यास निघाला. चिनहट-इस्माईलगंजच्या परिसरात गाठ पडली. बरकत अहमद हा या फौजेच्या प्रमुख नायकांपैकी एक होता. मौलवी अहमदउल्ला शाहही या लढाईत होता. इंग्रजांकडील हिंदी गोलंदाजांनी ऐन वेळी साथ सोडली, ३२ व्या गोऱ्या पलटणीची मोठी हानी झाली आणि लॉरेन्सला कुकरैलचा पूल ओलांडून माघार घ्यावी लागली. त्याच दिवशी रेसिडेन्सीला वेढा पडला. ४ जुलैला लॉरेन्स जखमांनी मरण पावला. दुसऱ्याच दिवशी बेगम हजरत महल हिच्या पुत्राला, बिरजीस कद्र याला, गादीवर बसविण्यात आले. आणि ज्याने बादशहाची पगडी हाती घेतली होती, तो औट्रम त्याच सप्टेंबरात हॅवलॉकसह रेसिडेन्सीत शिरला खरा, पण तेथेच अडकून पडला.

ही हकिकत दोन्ही कृतींना प्रश्न विचारते. अवधमध्ये राजकीय भावना मरून गेली होती, हे प्रेमचंदांचे निदान संपूर्ण खरे असते तर चिनहट घडले नसते. भक्ष्य होऊन नव्या नियमांनी खेळत बसणे एवढेच नशिबी होते, हा रायांचा निष्कर्ष संपूर्ण खरा असता तरीही ते घडले नसते. उत्तर असे दिसते की, दोन्ही कृतींची नजर दिवाणखान्यावर खिळलेली आहे. चिनहटला लढले ते मुख्यतः पलटणींतील शिपाई. अवधच्या खेड्यापाड्यांतून कंपनीच्या बंगाल फौजेत पिढ्यान्‌पिढ्या भरती होणारे शेतकऱ्यांचे मुलगे. बुद्धिबळाच्या पटावर ते प्यादी होते. प्रेमचंद, जे अन्यत्र खेड्याचे सर्वांत मोठे कथाकार आहेत, त्यांनी या कथेत प्याद्यांकडे पाहिले नाही. उपरोधाला सरदारच हवे होते. रायांनी मात्र मशिदीच्या जागी खेडे आणून आणि त्यात कल्लूला उभे करून त्या दिशेने एक पाऊल टाकले आहे. फौज पाहणारा आणि बातमी आणणारा हा मुलगा, ही चित्रपटातील कथाबाह्य पात्रांपैकी सर्वांत अर्थपूर्ण भर म्हणावी लागेल. ते पाऊल मात्र तेथेच थांबते. कल्लू पुढच्या वर्षी कोठे असेल, हे चित्रपट विचारीत नाही.

६

या विवेचनातून रूपांतराच्या अभ्यासासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, माध्यमाच्या सोयीसाठी आलेला खंड हा आशयाचा खंड असू शकतो. येथे ॲनिमेशनने केवळ इतिहास आटोपशीर केला नाही, तर अपराधी बदलला. दुसरी, आरंभ बदलला की शेवट जुना ठेवता येत नाही; तसा तो ठेवला असता तर चित्रपट आपल्याच प्रस्तावनेशी विसंगत झाला असता. तिसरी, मूळ आणि रूपांतर यांची तुलना त्या दोहोंच्या आतच आटोपता येत नाही. दोघांनीही ज्याविषयी मौन पाळले, असा तिसरा साक्षीदार बोलवावा लागतो. इंग्रजी पटकथा, शमा जैदी व जावेद सिद्दीकी यांनी तिच्यावरून रचलेले उर्दू संवाद, बंगाली दिग्दर्शक आणि हिंदी-उर्दू अशी दुहेरी मूळ कथा, एवढ्या भाषांतून गेलेल्या या कृतीचा निवाडा एका भाषेच्या निष्ठेने करणे तर अधिकच अवघड.

मराठीतही या प्रश्नाचे एक जवळचे उदाहरण आहे. सत्तावनची धामधूम डोळ्यांनी पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांच्या संपादनाने प्रथम प्रसिद्ध झाला तो बदललेल्या रूपात. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उजेडात आणली. तेथे मध्ये चित्रपट नव्हता, केवळ संपादक होता. तरीही दोन पाठ समोर ठेवल्यावर प्रश्न हाच उभा राहतो की, कोणत्या काळाला सत्तावनचे कोणते रूप सोसवले. १९२४ ला स्वतःचा दोष पाहण्याची गरज होती. १९७७ ला परक्याची भूक हसतहसत दाखविण्याइतके अंतर लाभले होते. चिनहटच्या प्याद्यांची कथा अजून त्या पटाबाहेरच आहे.